ड्यूटीवरून आल्यावरचं जेवण

वजन कसं उतरवावं हे हल्ली सगळ्यांनाच कळतं. घरातल्या पोरीसुना मला शिकवतात, आजी, सकाळी कोमट पाणी, भात कमी, पालेभाजी जास्त, संध्याकाळी लवकर जेवण. मी मान डोलावते. हे सगळं मी भिलाईच्या क्वार्टरात करून बसले आहे, तिथल्या पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून थोडेच दिवस झाले होते तेव्हा. गुण येतो. वजन उतरतं. त्याच्याबरोबर आणखी काय उतरतं ते मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. धानाचा मुलूख, दोन्ही वेळ भात. आमच्याकडे आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग म्हाताऱ्या, आणि उरलंसुरलं घेऊन सुना चुलीपाशी पाठ करून बसणार. लग्नानंतर दोन-तीन वर्षं मी नवऱ्याला जेवताना पाहिलं ते पाठमोरंच, दाराआडून. हे आधी एकटेच भिलाईला आले, बांधकामावर खलाशी म्हणून राबले, म्हणजे लोखंड चढवणं-उतरवणं केलं, आणि मग एका रशियन माणसाच्या हाताखाली क्रेन शिकले. क्वार्टर मिळालं तेव्हा मला बोलावून घेतलं.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक मोरी, पुढे चार हात अंगण. सगळी घरं एकाच साच्यातली. पहिल्या आठवड्यात मी पाण्याची घागर घेऊन भलत्याच घरात शिरले आणि त्या सरदारणीलाच विचारलं, तू माझ्या घरात काय करतेस. तिला माझं मराठी कळलं नाही आणि मला तिचं पंजाबी, पण दोघी चांगल्याच भांडलो. दुसऱ्या बाजूला एक तेलुगू बाई होती. तिला हिंदी येत नव्हतं, माझं हिंदी तर विचारूच नका. गावात माणसांचा कंटाळा येईपर्यंत माणसं होती. इथे सकाळी भोंगा वाजला की पुरुष निघून जायचे आणि मी दिवसभर भिंतीशी बोलायचे. भिंत नवी होती, चुन्याचा वास यायचा, तिलाही माझं काही कळत नसावं.

पहिल्याच दिवशी हे पहिल्या पाळीहून अडीचच्या सुमाराला घरी आले. मी ताट वाढलं आणि रीतीप्रमाणे सैंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"तिथं कावून उभी हायस? ताट घे ना तुझं," हे म्हणाले.

"मी मंग जेवीन जी."

"मंग कोणासंग जेवशील? इथं कोण हाय पाहाले?"

मी ताट घेतलं. जन्मात पहिल्यांदा पुरुषासमोर जेवायला बसले. निम्मी भिंतीकडे वळून बसले होते, पदर दातात, आणि घास त्यातूनच आत ढकलत होते. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी समोर तोंड करून बसले.

लोक भिलाईला पक्क्या नोकरीसाठी आले, विजेच्या दिव्यासाठी आले. माझ्यापुरती भिलाई म्हणजे ते ड्यूटीवरून आल्यावरचं जेवण. ड्यूटीला जायच्या आधीचं जेवण घड्याळाकडे बघत व्हायचं, आणि मी सिगडीवर भाकर उलटवत असायचे, त्यात बसणं कुठलं. एरवी हे मुकेच होते, विचारलं तर हो, नाही विचारलं तर तेही नाही. पण ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन ताटावर बसले, की तोंड उघडायचं ते घासासाठीही आणि बोलण्यासाठीही. वर छपराखाली पिंजऱ्याएवढी कॅबिन, खाली वितळलेलं लोखंड भरलेलं भांडं, आणि ते बोटभर दांड्यानं कसं हलवायचं, खालचा माणूस हातानं खुणा कसा करतो, तो शिकवणारा रशियन शिव्या कशा देतो. ताटातल्या वाटीचंच ते भांडं व्हायचं आणि यांचा हात क्रेन व्हायचा. वरण कधी सांडलं नाही. "खाली लय लोकं हायेत," हे म्हणायचे, "वर मी एकटाच." शेतकऱ्याचा पोरगा, आयुष्यभर वाकून धान लावलेला. त्याला वर बसायला मिळालं होतं. त्या क्रेनवर त्यांचा जीव होता. माझ्यावरही असावा, पण क्रेनबद्दल ते बोलून दाखवायचे.

म्हणून मी ठरवलं होतं की यांच्याआधी जेवायचं नाही. आईची शिकवण होतीच, पण खरी गोष्ट अशी की मला ते जेवण चुकवायचं नव्हतं. पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. हे दुपारी येवोत, रात्री येवोत की उजाडताना येवोत, मी दोन ताटं मांडून उपाशी बसलेली असायचे. आणि उपाशी माणूस जेवतो कसा ते सांगायला नको. भाताचा ढीग, मधे आळं, त्यात वरण, वर तूप. वर आग्रह. माझ्या माहेरी आग्रह न करणारी बाई म्हणजे कंजूष बाई. यांनी नको म्हणण्याआधीच माझा भाताचा डाव ताटात पडलेला असायचा. यांनी कधी ताटात शीत टाकलं नाही. मला वाटायचं, बिचाऱ्याचं अंगमेहनतीचं काम, भूक लागते.

दोघंही फुगलो. दिवाळीला गावी गेलो तर सगळे खूश. "भिलाई मानवली गा तुमाले!" सासरे चारचौघांत लेकाच्या पोटाकडे बोट दाखवायचे, नवा बैल दाखवावा तसे. आमच्याकडे वाळलेला माणूस म्हणजे नशीब वाळलेला माणूस. मग पोटाला वाईट कोण म्हणणार?

म्हणाला तो कारखान्याचा डॉक्टर. क्रेनची शिडी उभी, लोखंडी, भोवती कडी. हे चढताना मधेच थांबून धापा टाकतात हे कोणीतरी वर साहेबांना कळवलं असावं. उन्हाळ्यात मेडिकल झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वजन जास्त, दम लागतो, रक्तदाब चढलेला. दिवाळीनंतर पुन्हा बघू. तेव्हाही असंच असेल तर क्रेन नाही. खालचं काम.

हे घरी आले ते काही बोललेच नाहीत. ताटावरसुद्धा नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मले खाली उतरवून राहिले." एवढंच. आणि त्या दिवशीही ताट स्वच्छ केलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सैंपाक करणारीला घेऊन या. मी नवी साडी नेसून दवाखान्यात गेले, मला वाटलं माझी तारीफ होणार. डॉक्टर बंगाली होते, हिंदीत बोलत होते, हळू, मला कळावं म्हणून.

"कल सुबह से क्या-क्या खाया, बताओ."

यांनी सांगितलं. पहाटे चहा, शिळी भाकर. अकराला कँटीनमध्ये पुऱ्या, आलूची भाजी, भात.

माझे कान टवकारले.

"फिर?"

"फिर घर आया. तीन बजे खाना खाया."

"भूख लगी थी?"

हे जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. परक्या माणसासमोर मला कळत होतं की माझा नवरा रोज पोटभर जेवून घरी येत होता आणि माझ्यासमोर पुन्हा पोटभर जेवत होता. रात्रपाळीत पहाटे कँटीन, मग घर. दुसऱ्या पाळीत संध्याकाळी कँटीन, मग घर. सगळ्याच पाळ्यांत दोनदा. आधी मला लाज वाटली आणि मग असा संताप आला की दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी यांच्या पुढे चालत आले, हे मागे सायकल ढकलत.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. "मले कावून नाही सांगितलं? इतक्या दिवसांचं? मी येडी हाय का इथं डाव घेऊन बसाले?"

"सकाळच्या सहापासून वर राहतो, भूक लागते. सगळे जातेत कँटीनले, मीबी जातो."

"मंग घरी नाही म्हणाचं होतं!"

"तू उपाशी राहतं," हे म्हणाले. "दोन ताटं मांडून बसून राहतं. त्यात मी कसा सांगू का मी जेवून आलो?"

मग मी आणखी एक भांडं आपटलं.

त्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं, जड काही नव्हतं. कँटीनच्या पुऱ्या बंद, घरचा डबा. डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा, आणि पालेभाजी भरपूर. पालेभाजीला तोटा नव्हता. आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन यायच्या, लालभाजी, चेचभाजी, नावं मला त्यांच्याकडूनच कळली. भात दिवसातून एकदा, तोही पेज काढून. काशाच्या मोठ्या थाळ्या मी पेटीत घातल्या आणि लहान ताटल्या काढल्या. एकदाच वाढायचं आणि पातेलं सैंपाकघरातच ठेवायचं, समोर आणायचंच नाही, म्हणजे माझा हातही शिवशिवणार नाही. चहात साखर चिमूटभर. गेटपर्यंत सायकल, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसणं बंद. संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत, तेही हलकं, चार घासांत उरकायचं, कारण फिरायला न्यायला मित्र दाराशी उभे. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनात म्हणत होते. पण हे बधले नाहीत. क्रेनसाठी यांनी जीभ मुठीत धरली.

आणि ड्यूटीवरून आल्यावर जेवण नाही. फक्त एक पेला मठ्ठा, जिऱ्याचा, बिनमिठाचा.

मला वाटलं होतं की मी उपाशीच थांबेन, हे मठ्ठा पितील, मी जेवेन, बोलणं होईल. पहिल्या दिवशी तसं केलं. हे पेला हातात घेऊन समोर बसले. मी घास उचलला. यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा ताटाकडे. आमच्याकडे पुरुष उपाशी असताना बाई जेवत नाही, आणि इथे तर तो समोर बसून बघत होता. घास तोंडातच फिरायला लागला.

"जेव ना," हे म्हणाले. "मी हाय बसून."

"तुमी पडा जी जरा. थकून आले."

"मी पडलो का तू जेवशील?"

"जेवीन."

हे उठले. आत गेले. खाटेचा आवाज आला. मी ताट झाकून ठेवलं.

दोन-चार दिवस असंच चाललं आणि मग यांनीच तोडगा काढला. कपाळावर हात ठेवून, छताकडे बघत म्हणाले, "तू बाराले जेवून घेत जा. तू उपाशी हाय असं ठाऊक असलं का मले घरी येऊन खावं वाटते. मंग माही क्रेन जाते."

आता बोला. यांची क्रेन वाचवायची तर मी आधी जेवायला हवं होतं. आयुष्यभर शिकवलं ते उलटं. मी यांच्यासाठी जिवावर उदार होऊन उपास केला असता, निर्जळी केली असती, त्यात पुण्य होतं आणि चार बायका वाहवा करणाऱ्या होत्या. पण नवऱ्यासाठी नवऱ्याआधी जेवणं? त्याचं कोणतं व्रत, कोणती कहाणी?

मी बाराला जेवायला लागले, बाकीच्या पाळ्यांतही यांच्या येण्याआधीच.

एकटं जेवण कसं असतं ते ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पाटावर बसून पाहिलं, समोरची जागा मोकळी दिसायची. भिंतीकडे तोंड करून पाहिलं, जणू सासरी परत गेले. मग ओट्यापाशी उभ्यानंच खाऊ लागले, मीठभाकर, कधी सकाळची भाजी, कधी नुसतंच. आपलंच चावणं आपल्याला ऐकू येतं. जेवण पाच मिनिटांत उरकायचं आणि मग अख्खी दुपार उरायची, बाहेर ऊन, दूर कारखान्याची धडधड, आणि त्या धडधडीत कुठेतरी वर माझा माणूस. मला रडू यायचं. मी रडायचे. कोणी विचारणारं नव्हतं त्यामुळे डोळे पुसायचीही घाई नव्हती.

अडीचला हे यायचे. मठ्ठा प्यायचे. मी शेजारी बसून विचारायचे, "आज काय झालं जी?"

"काय होते. तेच."

तेच! त्याच "तेच"चं पूर्वी तासभर पुराण व्हायचं. आता ना वाटी होती ना वरण, यांच्या हाताची क्रेन कशावर चालणार? पेला रिकामा झाला की हे पडायचे. दोष कोणाचाच नव्हता. हे वागत होते ते डॉक्टरांनी सांगितलं तसं, आणि मी वागत होते ते यांनी सांगितलं तसं. गुणाची माणसं आम्ही.

वजन उतरलं, दोघांचंही. यांचा पट्टा आत आत जायला लागला, नवी भोकं पाडली. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. ती तेलुगू बाई, तोवर आम्ही दोघी अर्ध्या हिंदीत बोलायला लागलो होतो, एकदा माझा हात धरून म्हणाली, काय करतेस, मलाही सांग, माझं पोट बघ. मी सांगितलं, पालेभाजी खा, भात कमी कर. खरं औषध मी तिला सांगितलं नाही. तिच्या घरी सहा माणसं एका पातेल्याभोवती बसायची. तिला कशाला सांगू?

आणि हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही होते. बाराचा भोंगा झाला की पोटात भूक उठायची, माझी स्वतःची, कोणाची वाट न बघणारी. मी पुन्हा पाटावर बसायला लागले. मग कधीतरी ताटात दोन भाज्या घ्यायला लागले. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मला बरं वाटलं नाही, उलट भीती वाटली.

दिवाळी झाली. मेडिकलचा दिवस आला. पहिली पाळी होती, ड्यूटी संपवून तिथूनच दवाखान्यात जायचं होतं. सकाळी मी नेहमीसारखाच डबा दिला. दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काही बरं ऐकायला येईल म्हणून असेल किंवा नुसता हाताला चाळा म्हणून, मी पूर्ण सैंपाक केला, भात, तुरीचं वरण, लालभाजी, आणि कित्येक महिन्यांनी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा. बाराला बसले. खरं सांगते, त्या दिवशी जेवण गोड लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकटीनं चवीनं जेवले, दोनदा भात घेतला, रस्सा ओरपला. हात धुताना लक्षात आलं की मी यांची आठवणही काढली नव्हती.

हे चार वाजता आले. सायकल भिंतीला न लावताच टाकून दिली, अंगणातूनच म्हणाले, "फिट!"

मी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. हे हसत होते, पहिल्या दिवशी ठसका लागला होता तसेच. मग डबा माझ्यापुढे ठेवला. जड लागला. उघडून पाहिला तर भाकरी तशाच.

"खाल्लं नाही?"

"नाही. म्हटलं फिट झालो तं आज घरी जेवू. आपण दोघं. पहिल्यासारखं." मग एकदम थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू जेवली का?"

सकाळपासून उपाशी माणूस. शिडी चढून उतरून, सायकल मारत आलेला. क्रेनबद्दल बोलतानाही एवढी आशा मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "तुमची वाट पाहून राहिली होती."

दोन ताटं मांडली. लहान ताटल्या नाहीत, पेटीतून काशाच्या थाळ्या काढल्या. पातेलं यांनीच उचलून समोर आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाढलं. पुरुषाचा हात, अंदाज कुठला, भाताचा डोंगर झाला. मग हे बोलायला लागले. शिडी कशी एका दमात चढले, डॉक्टरांनी छातीला नळी लावून कसं दोनदा ऐकलं, रशियनानं पाठीत कसा गुद्दा घातला. रश्श्याची वाटी उचलली गेली, हवेतून फिरली, खाली आली, थेंबही सांडला नाही. किती महिन्यांनी मी ते बघत होते. उद्यापासून पुन्हा डबा आणि पुन्हा मठ्ठा हे दोघांनाही माहीत होतं.

माझ्या पोटात तीळ ठेवायला जागा नव्हती. पहिला घास कसाबसा गेला. दुसरा घशाशी अडला, पाण्यानं उतरवला. भरल्या पोटी भात गिळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. घास वर यायला बघतो, घाम सुटतो, आणि समोरच्या माणसाला कळू नये म्हणून हसत हसत चावावं लागतं. यांनी हे किती दिवस केलं होतं? एक घास नाही, एक दिवस नाही. रोज, पाळीमागून पाळी, माझ्या डावाला एकदाही नाही न म्हणता, वरून गोष्टी सांगत. माझ्यावर कोणाचा जीव आहे की नाही, असं मी दुपारच्या दुपार त्या भिंतीला विचारलं होतं. डोळे भरून आले. तिखट लागलं म्हणून सांगितलं.

"भात घे ना अजून," हे म्हणाले. "उपाशी हायस सकाळपासून."

मी ताट पुढे केलं.